बाद दिवस

मी लोकांची पावलं मोजते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला सवय आहे. कराडात कुणी विचारलं की बाई तुम्ही काय करता, आणि मी खरं सांगितलं, की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग स्वतःच्या मनगटाकडे. पावलं मोजायला पट्टा आहे की, मग ही बाई कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

अहो, पण पट्टा बरोबर मोजतो की नाही हे कुणी ठरवायचं? दुसऱ्या पट्ट्याने? तोही त्याच गिरणीचं पीठ. म्हणून शेवटी माणूस लागतो. माणसाच्या मागे बसायचं, डोळे उघडे ठेवायचे, आणि पाऊल पडलं की मुठीतल्या यंत्राचं बटण दाबायचं. आम्ही त्याला टिकटिक म्हणतो. संध्याकाळी टिकटिकीचा आकडा आणि पट्ट्याचा आकडा शेजारी शेजारी मांडायचा. माझा आकडा खरा धरायचा आणि पट्ट्याला मार्क द्यायचे. सव्वीस वर्षं शाळेत मुलांना पी.टी. शिकवली मी. पुढे मुलांच्या मनगटावर पट्टे आले, कोण किती पळालं ते पट्टाच सांगू लागला, आणि शाळेने पी.टी.चा तास काढून टाकला. मला घरी बसवणाऱ्या पट्ट्याला मार्क द्यायची नोकरी मला मिळाली, तेव्हा खोटं कशाला बोलू, मनातून फार बरं वाटलं.

आमच्या तपासणी केंद्राच्या प्रमुख डॉक्टर तबस्सुम मुजावर. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील, पण डोकं लख्ख. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पट्टा उघडून दाखवला. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. हात हलला की त्याला हिसका कळतो, एवढंच त्याचं ज्ञान. पाय नावाची वस्तू जगात असते हे त्याच्या गावीही नाही. धडधाकट माणूस चालतो तेव्हा सेकंदाला दोनच्या आसपास पावलं पडतात आणि त्याच तालात हात झुलतो. तो ताल सापडला की पट्टा म्हणतो, चालला. नाही सापडला की म्हणतो, बसला. हे शहाणपण त्याला शिकवलं कुणी, तर परदेशातल्या प्रयोगशाळेत, ट्रेडमिलवर चालणाऱ्या तरण्याताठ्या पोरांनी. इकडची म्हातारी माणसं कशी चालतात हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि ते तपासण्यासाठी आमची नेमणूक होती.

घाई अशासाठी होती, की तीन वर्षांपूर्वी एकट्यानं राहणाऱ्यांचा कायदा आला. पंच्याहत्तरी उलटलेलं माणूस घरात एकटं असेल तर मनगटावर पट्टा हवाच. रोज संध्याकाळी सहाला त्या दिवसाचा ठिपका ठरतो. हजाराच्या वर पावलं झाली तर हिरवा, नाहीतर लाल. ठिपका मुलांच्या फोनवर जातो. लागोपाठ दहा दिवस लाल राहिला, तर माणूस एकटं राहायला लायक नाही असं धरून त्याला सोबत-निवासात हलवतात. तिथे माणसं चांगली असतात, जेवण गरम असतं, आणि घराची किल्ली परत द्यावी लागते.

शैलजाकाकू अभ्यंकर माझ्या यादीत चौथ्या होत्या. वय एकोणऐंशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. यजमान जाऊन चार वर्षं झालेली, एकुलता मुलगा निनाद ऑस्ट्रेलियात, पर्थला. पट्ट्याच्या नोंदीत रोजची सहा हजारांवर पावलं. मी जिना चढताना मनात म्हटलं, बाई भलतीच काटक दिसते.

दार सताड उघडं होतं. आतून आवाज आला, या, मला उठायला वेळ लागतो. दिवाणावर पाय लांब करून काकू बसल्या होत्या, मांडीवर पाट, शेजारी कापसाचा ढीग आणि वाटीत रक्षा. बोटं रक्षेत टेकवायची, कापूस पाटावर ठेवायचा, उजवा तळवा त्यावर सरसर फिरवायचा, की वात तयार. एकीकडे शंभराच्या जुड्या बांधून ठेवलेल्या. मी त्यांना नियम सांगितले. मी कोपऱ्यात बसेन, बोलणार नाही, मदत करणार नाही. तुम्हाला स्पर्श केला, हात दिला, तर तो दिवस बाद होतो आणि बाद दिवस पुन्हा घ्यावा लागतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि बोलायला जी सुरुवात केली ती संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. गप्प मला बसायचं होतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी त्या चार वेळा उठल्या. वॉकर धरून, गुडघे आवळून, एकेक पाऊल फरशीवरून ओढत. दिवाणापासून बाथरूमपर्यंत पंचवीस पावलं, आणि त्याला सात मिनिटं. एकदा मध्येच थांबून त्यांनी भिंतीला कपाळ टेकवलं. मी खुर्चीच्या कडेवर बसून बटण दाबत राहिले. माझा हात पुढे जात होता आणि मी तो मागे घेत होते. मला माझी लाज वाटली.

संध्याकाळी माझी टिकटिक दोनशे चौदा. पट्टा सहा हजार तीनशे चाळीस.

केंद्रातल्या पोरांनी खुसूखुसू हसून घेतलं. घाडगेबाईंना, म्हणजे मला, डुलकी लागली म्हणे. डॉक्टर हसल्या नाहीत, पण नियम नियम होता. एवढा फरक आला तर मोजणी पुन्हा घ्यायची. पुन्हा दोनशेच्या घरातच आकडा आला, तर माणूस खरा आणि पट्टा खोटा.

मी मलकापूरच्या माझ्या खोलीत गेले, तोंड फुगवूनच. शाळेत सव्वीस वर्षं उठाबशा मोजल्या, एकदाही माझा आकडा चुकलेला नाही. मेडिकलच्या दुकानातून कापूस आणला, स्वतःचा पट्टा चढवला, पोळपाट मांडीवर घेतला आणि वाती वळायला बसले. वाती कसल्या, नुसते बोळे झाले. पण अर्ध्या तासात पट्ट्यावर आठशे पावलं चढली, आणि मी जागची हललेही नव्हते. तळव्याची सरसर सेकंदाला दोनदा, अगदी चालीचा ताल. उलट वॉकर धरून चालताना हात दांड्यावर घट्ट असतो, झुलतच नाही, म्हणजे ती पावलं पट्ट्याला दिसणारच नाहीत. काकू बसल्या की हा म्हणतो चालल्या, आणि चालल्या की म्हणतो बसल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी मी काकूंना सरळ विचारलं, तुम्हाला हे माहीत आहे का? त्यांचा तळवा थांबला नाही.

माहीत होतं. यजमान गेल्यावर त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. रोज तीनशे वाती, वर्षात लाख पूर्ण. त्यातच कायदा आला, पट्टा आला, ठिपका रोज हिरवा. त्यांना वाटायचं, यंत्र सगळ्यांनाच हिरवं म्हणत असेल. मग नेमाचं उद्यापन झालं, लाख वाती देवळात जाळल्या, आणि दुसऱ्या दिवशी हात मोकळे. संध्याकाळी ठिपका लाल. पाच मिनिटांत निनादचा फोन. तो रडत होता, तिकीट बघतो म्हणत होता. त्याची नोकरी नवी, मुलगी दोन महिन्यांची. काकूंनी त्याला समजावलं की अंग जरा कसकसतंय, बाकी काही नाही. सकाळी उठून पुन्हा कापूस पिंजायला घेतला. त्या वेळी गुडघे निदान जिना उतरू देत होते, आता तेही नाही.

"तेव्हापासून दोन लाख झाल्या," काकू म्हणाल्या. "हा नेम देवाचा नाही, निनादचा आहे."

आतल्या खोलीत पिशव्यांची थप्पी लागली होती, छतापर्यंत. देवळातही आता विजेची समई आहे, वाती कुणी घेत नाही. मी विचारलं, निनाद फोन करतो की नाही? पूर्वी रोज करायचा, त्या म्हणाल्या, आता दिवाळीला आणि वाढदिवसाला. ठिपका हिरवा दिसतो ना त्याला, मग फोन करून विचारणार काय? हे त्या अगदी सहज बोलल्या.

थोड्या वेळाने त्या बाथरूमला निघाल्या. पॅसेजमध्ये वॉकरचा पाय फरशीच्या फटीत अडकला आणि त्या एका अंगाला कलल्या. मी उठले आणि दोन्ही हातांनी धरलं. वजन काही नव्हतंच बाईला. दिवाणावर बसवलं, पाणी दिलं आणि कागदावर लिहिलं, दिवस बाद, निरीक्षकाचा स्पर्श.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा काकूंनी मुद्दाम उठताना हात पुढे केला. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी हात दिला. दिवस बाद.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. रोज सकाळी नऊला मी जायचे, दहाच्या आत काहीतरी निमित्ताने त्यांना हात लावायचे, बाद म्हणून लिहायचे, आणि मग दिवसभर आम्ही दोघी मोकळ्या. त्यांचा डबा यायचा, माझी भाजी-भाकरी असायची, एकत्र जेवायचो. त्या मला वाती वळायला शिकवायच्या आणि माझे बोळे बघून म्हणायच्या की देव असल्या वातीने पावायचा नाही, पळून जाईल. मी त्यांचे केस विंचरून द्यायचे. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. बाद दिवसाला बादच लिहिलं. आणि मी काही उपकार करत नव्हते, हेही सांगते. पट्टा घेताना एक फॉर्म भरावा लागतो, तुमचा ठिपका कुणाला दाखवायचा म्हणून. माझ्या फॉर्मवर ती जागा रिकामी आहे. नवऱ्याशी पंधरा वर्षांपूर्वी फारकत झाली, मूलबाळ नाही. त्या पंधरा वर्षांत कुणी मला, आज उशीर झाला गं सारिका, असं विचारलं नव्हतं. काकू विचारायच्या.

असे अकरा दिवस बाद झाले.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. त्या म्हणाल्या, "सारिकाताई, उद्याचा दिवस मला स्वच्छ हवा. नाही मिळाला, तर मी काकूंचं नाव यादीतून काढते." नाव निघालं की पट्ट्याची चूक दाखवणारं कुणी उरणार नाही आणि पट्टा पास होणार. काकू तशाच हिरव्या राहणार, तिसऱ्या मजल्यावर, एकट्या, आणि मला तिथे जायचं काही कारण उरणार नाही. बरं, अशा काकू एकट्याच आहेत का? भाकरी थापणाऱ्या, गजरे गुंफणाऱ्या, जागच्या जागी बसून हात चालवणाऱ्या किती जणी आपापल्या घरात हिरव्या असतील. त्यातली एखादी पडली, तर हात हलता आहे तोवर कुणाला कळणारही नाही. आणि स्वच्छ दिवस दिला, पट्टा दुरुस्त झाला, तर काकूंचा ठिपका कायमचा लाल. मग किल्ली.

तेव्हा मी एक चूक केली. पी.टी.च्या बाईची खोड. पोरगं लंगडताना दिसलं की आईबापाला बोलावून सांगायचं, पुढचं ते बघतील. मी कागदपत्रांतून निनादचा नंबर काढला आणि दुपारी जिन्यात उभी राहून त्याला फोन लावला. सांगितलं, तुमची आई दिवसाला दोनशे पावलं चालते, तीही फरफटत. वाटलं होतं, हादरेल.

तो म्हणाला, "मला माहीत आहे, मॅडम. चालणारं माणूस वळतं, थांबतं, की नोंदीतला ताल तुटतो. आईची पावलं तास-तास न वळता पडतात. दोन खोल्यांत एवढं सरळ कुठे चालणार ती?"

तो यंत्रांच्याच धंद्यातला निघाला, ठिपक्यामागची सगळी नोंद उघडून वाचणारा. दीड वर्षापूर्वीच त्याच्या लक्षात आलं होतं. मग आईला विचारलं का नाही, असं मी म्हटलं, जरा चढ्या आवाजातच. त्याने शांतपणे सांगितलं की विचारलं तर ठरवावं लागेल. तिला इकडे आणता येत नाही, मला तिकडे येता येत नाही. हिरवा आहे तोवर ती तिच्या घरात आहे आणि आमचं सगळं सुरळीत चाललंय. तुम्ही तेवढं सांभाळून घ्या, प्लीज. वाईट माणूस नव्हता हो तो. आवाज दमलेला होता. पण मला असा संताप आला की पायऱ्या दिसेनात.

वर आले तर काकू गुणगुणत वात वळत होत्या. म्हणाल्या, आजचा हिशेब लवकर होणार, दोनशे सत्तर झाल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"काकू, बास करा. त्याला माहीत आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, दीड वर्ष, न वळणारी पावलं, सगळं. त्यांनी ऐकलं. हातातली अर्धी वात पाटावर ठेवली. बोटांची रक्षा पदराला पुसली, जी त्या कधी पुसत नसत. मला वाटलं आता रडतील, मला हाकलून देतील. त्यांनी फक्त विचारलं, तो बरा आहे ना? आवाज कसा होता? दमलेला होता, मी म्हटलं. लहानपणीही फार लवकर दमायचा, त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी गेले तेव्हा दिवाणावर कापूस नव्हता. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. काकू वॉकर धरून आधीच उभ्या होत्या. सवयीने मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "आज मोज."

मी म्हटलं, काकू, आज मोजलं तर काय होईल ठाऊक आहे ना. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, ज्याच्यासाठी लपवत होते त्याला कळलेलंच आहे, आता लपवून कुणाला फसवायचं? ते कोपऱ्यातलं तुझं आसन घे.

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गप्प बसायचा माझा नियम त्यांनी पहिल्यांदाच पाळला. चार वेळा उठल्या, एकदा पॅसेजमध्ये भिंतीला धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मी टिकटिक दाबत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आकडा चुकवला नाही. बाकी वेळ त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. घरात इतकी शांतता मी तोवर ऐकली नव्हती.

सहा वाजता माझे दोनशे आठ झाले. पट्ट्याचे एकोणचाळीस. ठिपका लाल.

मी दोन्ही आकडे कागदावर लिहिले, खाली पहिल्या दिवशीच्या आकड्यापुढे लिहिलं, उजव्या हाताने वाती वळत होत्या, आणि सही करून डॉक्टरांना पाठवून दिलं. काम संपलं होतं. तरी मी बसून राहिले, आणि काकूंनी जा म्हटलं नाही. फोन त्यांच्या पुढ्यात होता. पर्थला साडेआठ वाजले असतील. काकू म्हणाल्या, नातीला झोपवत असेल. सव्वासहा झाले. म्हणाल्या, गाडी चालवत असेल. साडेसहाला त्यांनी फोन उचलून आवाज बंद तर नाही ना ते पाहिलं. नव्हता.

पावणेसातला संदेश आला. चष्मा हाताशी असूनही त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी वाचून दाखवलं.

"आई, ठिपका लाल दिसतोय. पट्टा बिघडला असणार. आजच नवा मागवतो, आठवड्यात मिळेल. काळजी करू नकोस."

मी दुसऱ्यांदा वाचायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. बाहेर दिवेलागण झाली होती. काकू खिडकीकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग त्यांनी मान वळवली आणि अगदी नेहमीच्या आवाजात, सामान सांगावं तसं सांगितलं.

"त्याला लिही, पट्टा चांगला आहे. मीच चालत नव्हते."

तो पट्टा किती चांगला आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्या दिवशीची एकशे एकोणसत्तर पावलं त्याने खाल्ली होती.  त्यांनी सांगितलं ते अक्षरन् अक्षर लिहिलं, पाठवलं, आणि दिवा लावायला उठले.